श्टुटगार्टला येताय? थिसिसची घाई करू नका

दर ऑक्टोबरला कुणाकुणाच्या ओळखीने तीन-चार फोन येतात. पोरं जर्मनीत शिकायला म्हणून नुकतीच विमानातून उतरलेली असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, तांदूळ कुठे मिळतो?" तांदूळ कुठेही मिळतो. डाळी तुर्की दुकानात मिळतात. कुकर मात्र घरून आणा. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून दूध शनिवारीच घ्या. खाण्याचा विषय संपला.

कागदपत्रांचंही थोडक्यात सांगते, कारण ती माहिती सगळेच देतात. खोलीत राहायला गेलात की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंद, करायचं, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. "सही देणार नाही, पण राहा" म्हणणाऱ्याची खोली घेऊ नका, आणि खोली न बघता डिपॉझिट तर अजिबात पाठवू नका. श्पेअरकोंटोतले, म्हणजे व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेले, 11,904 युरो भारतात डोंगराएवढे वाटतात, पण हातात महिन्याला 992 च येतात, आणि इथलं भाडं बघता त्यातले निम्मे तरी गेलेच म्हणून समजा. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला 18.36 युरोचं. "आमच्याकडे टीव्हीच नाही" म्हणून ते कचऱ्यात टाकू नका. वर्गणी घरटी असते, टीव्ही असो वा नसो. चौघं राहत असाल तर चौघांत वाटून घ्या.

आता मुद्द्याचं.

मी 2018 मध्ये आले. सांगलीची, इंजिनिअरिंग पुण्यात, डोक्यावर शैक्षणिक कर्ज आणि कर्जाला तारण बाबांचं घर. जर्मनीत शिक्षण फुकट असतं हे ऐकून आलेली बरीच जण इथे गार पडतात, कारण श्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017-18 च्या हिवाळी सत्रापासून दर सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. या पंधराशेंनीच माझा घात केला.

2021 च्या सुरुवातीला माझा थिसिस संपत आला होता. शिवाय एका कंपनीत मी वेर्कश्टुडंट होते, म्हणजे सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम. महिन्याला हजारेक युरो सुटायचे, टीमही चांगली होती. उन्हाळी सत्राची फी भरायची वेळ आली तेव्हा मी हिशेब केला : मार्चअखेर थिसिस देऊन टाकला तर पंधराशे वाचतात. रात्री जागून दिला. फी भरली नाही. 31 मार्चला विद्यापीठातून नाव कमी झालं. एक्समाट्रिकुलात्सिओन हा शब्द मी तोवर नीट वाचलाही नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एचआरच्या बाईंनी बोलावून घेतलं. अगदी सौजन्याने. टेबलावर माझा करार होता आणि त्यातल्या एका ओळीवर पिवळा मार्कर ओढलेला : नावनोंदणी असेपर्यंतच वैध. म्हणजे नोकरी गेली. विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा गेला, नवा महिन्याला दोनशे युरोच्या वर. सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा बस-ट्रेनचा पास, गेलं. पुढची नोकरी लागायला सात महिने गेले. पंधराशे वाचवायला गेले आणि पगाराचेच सात हजार बुडाले, विम्याचा फरक वेगळा. त्यावर मीठ म्हणजे ऑक्टोबरात त्याच टीममध्ये कायमची जागा निघाली, आणि ती माझ्या खुर्चीवर आलेल्या नव्या वेर्कश्टुडंटला मिळाली. मुलगा गुणी आहे, राग नाही. पण खुर्ची माझी होती.

म्हणून बजावून सांगते : हातात नोकरीचा करार येईपर्यंत शिक्षण संपवू नका. नुसती फी भरून भागत नाही. शेवटचा निकाल लेखी कळवला की त्या महिन्याच्या अखेरीस वेर्कश्टुडंट म्हणून सामाजिक विम्याच्या वर्गणीत मिळणारी सवलत संपते, नाव पटावर असलं तरी. त्यामुळे एखादा पेपर नाहीतर थिसिसच मागे ठेवावा लागतो. थिसिसची एकदा अधिकृत नोंदणी केली की मुदत सुरू होते, ती साधारण सहा महिन्यांची असते. तेव्हा प्राध्यापक "नोंदवून टाकू या" म्हणाले की लगेच मान हलवू नका. शक्यतो थिसिस कंपनीतच करा. ज्यांनी सहा महिने तुमचं काम पाहिलंय त्यांना तुमची ओळख करून द्यावी लागत नाही.

पदवीनंतर नोकरी शोधायला इथे राहण्याचा अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, हे खरं. त्या काळात कुठलंही काम करता येतं, हेही खरं. पण मग मुलं पार्सलं वाटण्यात वर्ष घालवतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत अर्जांचा पाऊस पाडतात. या परवान्याचा अर्ज जुना विद्यार्थी परवाना संपायच्या आत करा. वेळेत केलात तर निर्णय होईपर्यंत जुनाच चालू धरतात.

"आमच्या वेळी तीन मुलाखतींत काम झालं" म्हणणाऱ्या जुन्या मंडळींचं मनावर घेऊ नका. ते आले तेव्हा मोटार कंपन्या हात जोडून माणसं घेत होत्या. डिसेंबर 2024 मध्ये फोक्सवागननेच 2030 पर्यंत जर्मनीतल्या 35,000 हून अधिक जागा कमी करायचा करार कामगार संघटनेशी केला. आता फक्त मोटारींवर अवलंबून राहू नका. आणि अनुभवाची खोटी पत्रं बनवून देणाऱ्या आपल्याच बहाद्दरांपासून चार हात लांब राहा. जर्मन माणूस प्रत्येक सर्टिफिकेट उलटून पाहतो.

भाषेबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. कोर्स इंग्रजीत असतो, घरात चौघं मराठी, गणपतीला पन्नास मराठी, आणि दोन वर्षांनी जर्मनचा साठा पाव विकत घेण्यापुरता. जर्मनच्या बी-2 पातळीचं सर्टिफिकेट हवंच, पण ते असूनही तोंड उघडत नाही अशीही मुलं मी पाहिलीत. जाहिरात इंग्रजीत असली तरी दुपारच्या जेवणाच्या टेबलावर श्वेबिश, म्हणजे इथली बोली, चालतं.

मला बोलायला शिकवलं ते कचऱ्याच्या डब्यांनी आणि झाडूने. श्टुटगार्टकडे केअरवोखं असतं. इमारतीचा जिना आणि दारापुढची जागा भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने झाडायची. पाळी आली की तुमच्या दाराच्या मुठीला पाटी लटकते. आमच्या घरातल्या मुलांना हा अपमान वाटायचा, ती पाटी हळूच समोरच्या दाराला लावून यायची. मी पहिल्यांदा जिना पुसला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून बोट फिरवून धूळ दाखवायला आल्या. दुसऱ्या वेळी कॉफी मिळाली. त्या बेकार सात महिन्यांत माझी अर्जाची पत्रं त्याच वाचायच्या, चष्मा नाकावर ओढून. "याद्वारे मी अर्ज करते" ही पहिली ओळ त्यांनी पेन्सिलीने खोडली : अर्ज करतेयस ते दिसतंच आहे, तुला काय येतं ते सांग. मग मी ज्या गिअरबॉक्सच्या चाचणीवर काम केलं होतं तिथून पत्र सुरू केलं. त्या पत्रावर मुलाखतीचं बोलावणं आलं.

तर दाराला पाटी दिसली की घाबरू नका. बादली बहुतेक तळघरात असते. फडकं मात्र स्वतःचं न्या.