सूत्र बरोबर, तरी उत्तर चुकलं? तरंग, वायू आणि क्वांटमच्या गणितांत या चुका टाळा

२७ अंश सेल्सिअसला ऑक्सिजनच्या रेणूचा आरएमएस वेग (वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढा. बारावीच्या मुलांना हे गणित घातलं की दर खेपेला तीन-चार वह्यांत उत्तर येतं: १५.३ मीटर प्रति सेकंद. सूत्र बरोबर, तापमान ३०० केल्विन घेतलेलं, आकडेमोडही चोख. गोची एवढीच, की रेणुभार ३२ टाकलाय. ते ३२ ग्रॅम आहेत. सूत्राला किलोग्रॅम लागतात, म्हणजे ०.०३२. तसं केलं की उत्तर येतं ४८४.

एकक चुकणं मी समजू शकतो. मला खटकतं ते हे, की १५.३ला चौकट करताना कुणाचा हात अडखळत नाही. सेकंदाला १५ मीटर म्हणजे ताशी ५५ किलोमीटर, रस्त्यावरच्या स्कूटरचा वेग. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो आणि तो पुढे नेतात ते हवेचे रेणूच, एकमेकांना धडका देत. निरोप्याच रांगत असेल तर निरोप धावेल कसा?

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. उत्तर किती पटींनी चुकलं ते आधी बघायचं, त्यावरून चोर सापडतो. ३२ पट कमी आलं तर हजाराचं वर्गमूळ सांडलंय: ग्रॅम-किलोग्रॅम. सोनोमीटरच्या, म्हणजे वजन टांगून ताणलेल्या तारेच्या प्रयोगात तारेचं दर मीटरचं वस्तुमान ग्रॅममध्ये ठेवलं तरी हेच होतं. साधारण तीनपट कमी आलं तर टांगलेलं वजन किलोतच राहिलं, ९.८ने गुणलंच नाही. आणि शून्य अंशाला हवेतल्या आवाजाचा वेग २८० आला तर गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) विसरलात. या चुकीत खुद्द न्यूटन तुमच्या सोबत आहे. आवाज जाताना हवेचं तापमान कायम राहतं असं त्याने धरलं होतं. ते पुढे लाप्लासने दुरुस्त केलं तेव्हा ३३१-३३२ आलं. न्यूटनची सोबत असली तरी मार्क मात्र मिळत नाहीत.

वायूंच्या गणितात सेल्सिअसची गुणोत्तरं घेणं ही जुनीच खोड. बंद डब्यातला वायू २७ अंशांवरून ५४ अंशांवर नेला तर दाब दुप्पट होत नाही. ३०० केल्विनचे ३२७ झाले, म्हणजे जेमतेम ९ टक्के वाढ. टायरच्या गणितात याच्या जोडीला आणखी एक खड्डा असतो. गेजवर, म्हणजे दाबमापकावर, ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दिसतात ते बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचे. आधी १४.७ मिळवा, मग तापमानाचं गुणोत्तर लावा, मग १४.७ वजा करा. टायर तेवढाच तापला तर गेज ३४ दाखवेल. थेट ३०ला गुणलंत तर ३२.७वर अडकाल.

एका टोकाला बंद असलेल्या नळीत गोंधळ नावांचा होतो. ५० सेंटिमीटरची नळी, आवाजाचा वेग ३४०, तर मूळ वारंवारता १७० हर्ट्झ. पहिला ओव्हरटोन, म्हणजे मूळ वारंवारतेनंतर नळीत उमटणारा पुढचा सूर, किती? ‘३४०’ असं उत्तर अर्धा वर्ग देतो. बंद नळीत सम हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुप्पट, चौपट) नसतातच, त्यामुळे पहिला ओव्हरटोन म्हणजे तिसरा हार्मोनिक, ५१० हर्ट्झ. रेझोनन्स ट्यूबच्या प्रयोगात पाण्याच्या वरची नळीची लांबी थेट पाव तरंगलांबी धरू नका. ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कला १६ सेंटिमीटरवर पहिला अनुनाद मिळाला, तर तसा वेग ३२८ येईल. नळीचा व्यास २ सेंटिमीटर असेल तर टोकाची दुरुस्ती ०.३ गुणिले व्यास, म्हणजे ०.६. ती मिळवली की ३४०. दुसरा अनुनाद ४९.२वर मिळाला असेल तर दोन लांब्यांची वजाबाकी करा, दुरुस्ती आपोआप उडते. बीट्सबद्दल, म्हणजे जवळच्या दोन वारंवारतांमुळे आवाजात होणाऱ्या चढउतारांबद्दल, एकच: फोर्कला मेण लावलं की वारंवारता घटते, कानशीने घासला की वाढते.

क्वांटममध्ये आकडा १२४०. फोटॉनची इलेक्ट्रॉन व्होल्टमधली ऊर्जा म्हणजे १२४० भागिले नॅनोमीटरमधली तरंगलांबी. ४०० नॅनोमीटरचा प्रकाश म्हणजे ३.१, सोडियमचं वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी किमान ऊर्जा) २.३ धरा, इलेक्ट्रॉनकडे उरतात जास्तीत जास्त ०.८. आता तरंगलांबी निम्मी करा. मुलं म्हणतात १.६. पण दुप्पट होते ती फोटॉनची ऊर्जा: ६.२ वजा २.३, म्हणजे ३.९, जवळजवळ पाचपट. आणि प्रकाश नुसता प्रखर केला तर इलेक्ट्रॉन जास्त सुटतात, पण ०.८च्या वर कुणी जात नाही.

हेच १२४० हौसेने इलेक्ट्रॉनलाही लावतात. १०० व्होल्टने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी १२.४ नॅनोमीटर काढतात. ते सूत्र फोटॉनचं आहे. इलेक्ट्रॉनला आधी संवेग (वस्तुमान गुणिले वेग) काढावा लागतो आणि खरं उत्तर ०.१२३ नॅनोमीटर, तब्बल शंभरपटीने लहान.

त्या संवेगातही एक काटा आहे. वर्गमूळाखाली २.९१ गुणिले दहाचा उणे ४७वा घात येतो. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, हाताशी लॉग टेबल. घाईत २.९१चं वर्गमूळ १.७ काढतात आणि ४७चं निम्मं ठोकून २४ लिहितात. घात विषम असेल तर आधी सम करा: २९.१ आणि उणे ४८. मग ५.४ आणि उणे २४. नाहीतर तरंगलांबी साधारण तीनपट जास्त येते, आणि इथे ९.८ शोधून काही उपयोग नाही.