सवय टांगायला आधी खुंटी शोधा

पहिला आठवडा नवीन काहीच सुरू करू नका. एक छोटी वही घ्या आणि सात दिवस फक्त एवढंच टिपा: न ठरवता, कुणी आठवण न करता तुमच्या हातून रोज काय काय होतं? दात घासणं, घरी आल्यावर चपला काढणं, ताट धुवायला ठेवणं, फोन चार्जिंगला लावणं, झोपताना दिवा मालवणं. प्रत्येकापुढे वेळ आणि जागा लिहा. आठवडा संपला की मोजा. सातपैकी किमान सहा दिवस घडलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक खुंटी. नवी सवय या खुंटीवर टांगायची असते.

हा आठवडा बहुतेक जण वगळतात, कारण उत्साह दांडगा असतो आणि वहीत नोंदी करण्यात काही केल्यासारखं वाटत नाही. मग ‘रोज सकाळी व्यायाम करीन’ असं ठरतं. पण सकाळ चांगली तीन-चार तासांची असते, आणि ती निसटल्याचं दुपारी लक्षात येतं. ‘ब्रश जागेवर ठेवला की तिथून थेट चटई अंथरीन’ यात क्षण ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, विचार करायला फट नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात नेमकी हीच मांडणी अभ्यासली: ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’. नुसतं ध्येय ठरवणाऱ्यांपेक्षा असं वाक्य बांधणाऱ्यांच्या हातून काम होण्याची शक्यता जास्त, हे पुढे अनेक प्रयोगांत दिसलं. तुमचं वाक्य कागदावर लिहा. लिहिताना अडखळलात, तर खुंटी अजून धूसर आहे.

खुंटी निवडताना तिचा शेवट स्पष्ट आहे का ते पाहा. ‘जेवणानंतर’ कधी सुरू होतं हे सांगता येत नाही. ‘ताट धुवायला ठेवल्यावर’ हे सांगता येतं. दुसरं, खुंटी आणि नवं काम शक्यतो एकाच खोलीत असू द्या. मधल्या वाटेत फोन असतो, कुणीतरी हाक मारतं. तिसरं म्हणजे त्या क्षणी अंगात किती जोर उरलेला असतो. फोन चार्जिंगला लावणं ही खुंटी भक्कम, पण तोवर डोळे मिटत असतील तर तिच्यावर अभ्यास टांगू नका. उद्याचे कपडे काढून ठेवण्यासारखं हलकं काम टांगा.

जागेवर एवढा भर का? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चित्रपटगृहात आलेल्या काही प्रेक्षकांना ताजे आणि काहींना आठवडाभर शिळे पॉपकॉर्न दिले. चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही जवळजवळ ताज्यांइतकेच खाल्ले. हेच मीटिंगच्या खोलीत केलं, तेव्हा त्यांनीही शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले. हात चालत होता तो जागेमुळे, चवीमुळे नव्हे. आपल्याला हीच ओढ कामाला लावायची आहे.

आता माप. दोन मापं ठरवा: नेहमीचं आणि किमान. किमान माप म्हणजे थकून आलेल्या, वैतागलेल्या दिवशीही दोन मिनिटांत उरकेल एवढं. वाचनाचं एक पान, व्यायामाच्या पाच बैठका, रोजनिशीच्या तीन ओळी. किमान झालं की दिवस भरला; त्यात अर्धवट, चालढकल वगैरे काही मानायचं नाही. पहिले तीन आठवडे सोपं वाटलं तरी किमान माप वाढवू नका. सगळ्यात जास्त सवयी इथेच मोडतात: एखाद्या दिवशी हुरूप येतो, पाचाच्या चाळीस बैठका होतात, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात आणि तिसऱ्या दिवशी पाच बैठका काढायची लाज वाटते. तीन आठवड्यांत दोनपेक्षा जास्त खाडे नसतील तर माप थोडं चढवा. चढवल्यावर एकाच आठवड्यात तीन खाडे पडले तर मागच्या मापावर या.

सवय तुम्हाला मानवते का, हे मात्र मापानं कळत नाही. सुट्टीत गजर न लावता तुम्ही कधी झोपता, कधी उठता ते पाहा. ज्याची झोप आपोआप रात्री एकला लागते, त्यानं पहाटे पाचचा नेम धरला तर तो नेम झोप खाऊन चालतो, आणि थोड्याच दिवसांत झोप आपलं देणं वसूल करते. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ ठरवूच नये. ‘कामावरून येऊन कपडे बदलले की’ अशी खुंटी पाळी बदलली तरी टिकते. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: हे मी करतोय हे कुणालाच कधी कळणार नसेल, तरी करीन का? उत्तर ‘नाही’ आलं तर ती सवय बहुधा उसनी आहे. पळणं नकोसं वाटत असेल तर चाला. कुढत केलेली गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो.

किती वेळ? एकवीस दिवसांचा आकडा विसरा. प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘किमान’ गळालं आणि आकडा उरला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. त्यात सवय मुरायला लागणारा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता (१२ आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून बांधलेले गणिती अंदाज आहेत). पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर रुळलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. तेव्हा कॅलेंडरवर दहा आठवड्यांची खूण करा आणि तीसुद्धा शेवटची मानू नका.

त्याच अभ्यासातली कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. म्हणून एक खाडा झाला तर काहीच करू नका. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई तर मुळीच नको. लागोपाठ दुसरा दिवस चुकतोय असं दिसलं तर किमान माप उरका. आठवड्यात तीन खाडे झाले तर वही उघडा आणि प्रत्येक खाड्यापुढे लिहा: खुंटी घडली होती का? घडलीच नसेल तर खुंटी बदला. घडूनही काम झालं नसेल तर माप मोठं आहे, किंवा साहित्य हाताशी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. प्रवासात घरची खुंटी सापडत नाही. निघण्यापूर्वीच तिथली ठरवा.

नोंद कागदावर, खुंटीच्या जवळ ठेवा. अ‍ॅपही चालतं, पण सलग दिवसांचा मोठा आकडा एकदा शून्यावर आला की पुष्कळ जण अ‍ॅपबरोबर सवयही सोडून देतात.

नको असलेली सवय सोडवताना हेच उलटं करा: खुंटी हटवा. अंथरुणात फोन पाहणं थांबवायचं तर चार्जर दुसऱ्या खोलीत हलवा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. तंबाखू किंवा दारूचं व्यसन मात्र असल्या युक्त्यांवर सोडू नका, तिथे डॉक्टर हवा.

काम निम्मं झाल्यावर ‘अरे, सुरू कधी केलं?’ असं वाटायला लागलं की सवय मुरली. नोंद बंद करा, आणि दुसरी सवय आता हाती घ्या. तिची खुंटी पहिल्या आठवड्याच्याच यादीत सापडेल, वही टाकून दिली नसेल तर.