'रिव्हर्स ऑफ लंडन' वाचायला घेताना

बेन आरोनोविच यांची ही मालिका दुकानात फँटसीच्या कप्प्यात सापडते, पण वाचायची ती पोलीस तपासकथा म्हणून. पीटर ग्रँट हा लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांतला नवखा कॉन्स्टेबल. जानेवारीच्या थंडीत तो कोव्हेंट गार्डनमधल्या सेंट पॉल चर्चसमोर, खुनाच्या जागेवर पहारा देत असतो. जोडीदार लेस्ली कॉफी आणायला जाते, तेवढ्यात एक साक्षीदार पुढे येतो आणि बोलता बोलता सांगतो की मी मेलेलो आहे. पीटर पळत नाही, जबाब घ्यायला लागतो. हे वाचून ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं तर मालिका तुमच्यासाठी आहे. नाही आलं तर इथेच थांबा. पुढच्या पुस्तकांतही तिचा स्वभाव हाच आहे.

क्रम मोडू नका

मुख्य कादंबऱ्या अशा: 'रिव्हर्स ऑफ लंडन' आणि 'मून ओव्हर सोहो' (दोन्ही २०११), 'व्हिस्पर्स अंडर ग्राउंड' (२०१२), 'ब्रोकन होम्स' (२०१३), 'फॉक्सग्लव्ह समर' (२०१४), 'द हँगिंग ट्री' (२०१६), 'लाइज स्लीपिंग' (२०१८), 'फॉल्स व्हॅल्यू' (२०२०), 'अमंग्स्ट अवर वेपन्स' (२०२२), 'स्टोन अँड स्काय' (२०२५).

प्रत्येक पुस्तकातला गुन्हा त्याच पुस्तकात सुटतो. त्यामुळे हाताला लागेल ते उचललं तरी चालेल असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. दुसऱ्या पुस्तकात एक चेहरा नसलेला जादूगार येतो आणि त्याचा हिशेब थेट सातव्यात चुकता होतो. चौथ्याच्या शेवटच्या पानांवर जे घडतं त्याचा धक्का आधीची तीन वाचलेली असतील तरच बसतो. म्हणून पुढच्या भागांची मलपृष्ठं वाचू नका, आणि पात्रांची नावं गुगलवर टाकू नका; नाव पुरं टाइप व्हायच्या आत रहस्य फुटतं. चौथं संपवून घाईघाईने पाचवं उघडणाऱ्यांची थोडी निराशा होते, कारण पाचवं लंडन सोडून हेरफर्डशरच्या खेड्यात, बेपत्ता झालेल्या दोन मुलींच्या शोधात जातं. ते पुस्तक झकास आहे, फक्त मागची उत्तरं त्यात मागू नका.

विकत घेताना एक खबरदारी: पहिलं पुस्तक अमेरिकेत 'मिडनाइट रायट' या नावाने निघालं. आतला मजकूर तोच आहे. नवा भाग समजून दोन्ही घेऊ नका.

पहिलं पुस्तक कसं वाचावं

त्यात दोन प्रकरणं समांतर चालतात. एकीकडे साध्या माणसांना अचानक खुनशी वेड लावणारी हत्यामालिका. दुसरीकडे थेम्सच्या दोन दैवतांमधला हद्दीचा तंटा. वाचताना शंभरेक पानांवर बऱ्याच जणांचा धागा सुटतो, कारण पीटर एकाच दिवशी दोन्हींमागे धावत असतो. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर दोन रकाने करा आणि नावं ज्या त्या प्रकरणाखाली लिहीत जा. दहा-बारा नावांत काम भागतं.

जादूचे नियम पहिल्या काही प्रकरणांतच पाठ करून टाका, म्हणजे पुढे कथानकाच्या गाठी आपोआप सुटतात. ही जादू न्यूटनने सूत्रबद्ध केली, असं पुस्तक मानतं. प्रत्येक मंत्र म्हणजे मनात धरायचा एक आकार, आणि त्याला लॅटिन नाव. पहिला 'लक्स', म्हणजे प्रकाश. दोन आकार जोडले की मंत्र अवघड होतो. जादू अति केली तर मेंदूची चाळण होते. आणि जवळ जादू झाली की चालू असलेल्या मायक्रोप्रोसेसरची रेती होते. म्हणून पीटर मोबाइलच्या बॅटरीचा संपर्क तोडायची सोय करून ठेवतो. एखाद्या प्रसंगात कुणाचा फोन मेला असेल तर ते वाक्य दोनदा वाचा. लेखकाने तो पुरावा म्हणून पेरलेला असतो.

नकाशा उघडा ठेवा

इथे खरी मजा आहे. लेखकाने लंडन बारकाईने वापरलंय. फोनवर नकाशा काढा आणि 'स्ट्रीट व्ह्यू'मध्ये सेंट पॉल चर्चच्या चौकाकडच्या ओसरीसमोर उभे राहा. हे इनिगो जोन्सने बांधलेलं नटांचं चर्च. चौकाकडचं भव्य दार नुसतं दिखाऊ आहे, आत जायची वाट मागच्या बाजूने. ओसरीवर १६६२ सालचा एक उल्लेख कोरलाय: त्या काळचा रोजनिशीकार सॅम्युएल पेपीसने इथे 'पंच' या विदूषकी बाहुल्याचा कठपुतळ्यांचा खेळ पाहिला. पहिल्या पुस्तकासाठी एवढी खूण ध्यानात ठेवा, याहून जास्त सांगणं अन्यायाचं होईल.

मग नद्या. फ्लीट, टायबर्न, एफ्रा या खऱ्या नद्या आहेत, आता बहुतांशी रस्त्यांखालच्या गटारांतून वाहतात. फ्लीट हॅम्पस्टेड हीथकडून येऊन ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली थेम्सला मिळते. क्लार्कनवेलच्या रे स्ट्रीटवरच्या एका जाळीला कान लावला तर तिचा आवाज येतो. भरती-ओहोटी टेडिंग्टनपर्यंत पोचते, आणि पुस्तकात तीच मामा थेम्स (इथे 'मामा' म्हणजे आई) व फादर थेम्स यांच्या राज्यांची सीमा. १८५८ च्या 'ग्रेट स्टिंक'बद्दल, म्हणजे थेम्सच्या घाणीने शहर हैराण झालं त्या उन्हाळ्याबद्दल, पाच मिनिटं वाचून घ्या. म्हाताऱ्या फादर थेम्सचा राग कळेल. रसेल स्क्वेअरचं 'फॉली' हे जादूगार पोलिसांचं मुख्यालय मात्र काल्पनिक, ते शोधत बसू नका.

दुसऱ्या पुस्तकासाठी नकाशाऐवजी कान लागतात. जॅझ वादक मरतात आणि एका प्रेतावर 'बॉडी अँड सोल' ही धून रेंगाळत असते. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं १९३९ चं ध्वनिमुद्रण आधी ऐका. पीटरचा बाप जॅझवाला असल्याने त्या प्रकरणात त्याची माहिती कामाला येते.

भाषा आणि हुद्दे

आपल्याकडे 'डीसी' म्हटलं की जिल्ह्याचा मोठा साहेब आठवतो; इथे तो डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल, म्हणजे शिडीची खालची पायरी. वर क्रमाने सार्जंट, इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर. 'निक' म्हणजे ठाणं, क्रियापद म्हणून अटक. 'होम्स' हा शेरलॉक नव्हे, मोठ्या तपासांची संगणकप्रणाली. बाकी लंडनची बोली अडली तर ऑडिओबुक घ्या. कोब्ना होल्डब्रूक-स्मिथ प्रत्येक पात्राचा हेल वेगळा लावतात, आणि छापील पानावर सपाट वाटणारा विनोद त्यांच्या तोंडी उठतो. पहिलं पुस्तक सुमारे दहा तासांचं आहे. वेग वाढवू नका, कोपरखळ्या निसटतात.

आडवाटा

लघुकादंबऱ्या सक्तीच्या नाहीत. 'व्हॉट अॅबिगेल डिड दॅट समर' ही पीटरच्या नात्यातल्या बहिणीची, अॅबिगेलची गोष्ट पाचव्यानंतर लगेच घ्या, ती त्याच उन्हाळ्यात हॅम्पस्टेड हीथवर घडते. 'द ऑक्टोबर मॅन' जर्मनीतल्या ट्रियरची, त्यात पीटर नाही. 'द मास्करेड्स ऑफ स्प्रिंग'मध्ये १९२० च्या दशकातलं न्यूयॉर्क आणि तरुण नाइटिंगेल. पीटरचा हा गुरू दोन-तीन पुस्तकांत ओळखीचा झाल्यावरच घ्या. कॉमिक्स वेळ असेल तर.

दहावं, 'स्टोन अँड स्काय', स्कॉटलंडच्या अॅबर्डीनला जातं आणि त्यात पीटरबरोबर अॅबिगेलही गोष्ट सांगते, म्हणून तिची लघुकादंबरी टाळली असेल तर ते उघडण्याआधी वाचून घ्या.