गुऱ्हाळाच्या चिमणीचं एस्टिमेट वाजवी आहे का, हे कसं तपासावं

दसरा जवळ आला की सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, शिराळा, पलूस भागात गुऱ्हाळघरांची डागडुजी निघते. चुलवाण (रस उकळायची भट्टी) लिंपणं, काहिलीची (रसाच्या मोठ्या कढईची) गळती काढणं, घाण्याचं काम यांचा खर्च मालकाला तोंडपाठ असतो. चिमणीचं तसं नसतं. वर चढता येत नाही, आत काय झालंय ते दिसत नाही आणि हंगाम तोंडावर असतो. त्यामुळे ठेकेदार जो आकडा सांगेल त्यावर थोडी घासाघीस होते आणि काम सुरू होतं. ही घासाघीस बहुतेक वेळा चुकीच्या जागी होते. रक्कम जास्त की कमी हे ठरवायच्या आधी काम किती आहे ते ठरायला हवं. विटांचा नि मजुरीचा दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतो, पण चिमणीचं माप बदलत नाही. म्हणून आधी माप हातात घ्या.

पहिलं काम: चिमणी स्वतः मोजा

खालची बाजू टेपनं मोजता येते. उंचीसाठी वर चढायची गरज नाही. चिमणी वरपर्यंत एकाच मापाची आणि भोवतालची जमीन सपाट असेल, तर उन्हात 5 फुटांची काठी उभी धरा आणि तिची सावली मोजा. लगेच चिमणीची सावली भिंतीपासून टोकापर्यंत मोजा. काठीची सावली 4 फूट आणि चिमणीची 24 फूट भरली तर उंची 30 फूट. वर निमुळती होत गेलेली असेल तर हे माप थोडं कमी येईल, तेवढं धरून चाला.

भिंतीची जाडी राख काढायच्या तोंडाशी बघता येते. तिथूनच मोबाईलचा टॉर्च आणि एक आरसा घेऊन आतून वर बघा. विटा कुठे निखळल्यात, जोडातला माल कुठे गळून पडलाय, ते बरंचसं दिसतं. चुलवाण थंड असतानाच हे करा.

दुसरं: बिघाड कशामुळे झालाय ते विचारा

एस्टिमेटमध्ये भेग बुजवण्याचे पैसे असतील, पण भेग का पडली याबद्दल एक शब्द नसेल, तर तीच भेग पुढच्या हंगामात पुन्हा दिसेल. गुऱ्हाळाच्या चिमणीत तीन गोष्टी वारंवार आढळतात.

उभी भेग बहुधा उष्णतेची असते. आतली बाजू तापून फुगते, बाहेरची थंड राहते आणि भिंत ताणली जाते. जुन्या चिमण्यांना लोखंडी पट्टे आवळलेले असतात ते यासाठीच. पट्टे गंजून सैल झाले असतील तर नुसता माल भरून काही होत नाही.

वरच्या काही फुटांतल्या विटा सुट्या झाल्या असतील तर ते पावसाचं काम. चार महिने चिमणी उघडी भिजते, पाणी विटांत मुरतं. हंगामाच्या पहिल्याच दिवशी भरपूर चिपाड (रस काढून वाळलेला ऊस) घालून मोठा जाळ केला की त्या पाण्याची वाफ होते आणि जोड फुटतात.

तिसरा प्रकार कलण्याचा आणि तो सगळ्यांत गंभीर. कृष्णा-वारणाकाठच्या गावांनी 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेत. तुमच्या चिमणीच्या बुडात पुराचं पाणी थांबलं असेल तर चारही बाजूंनी ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून बघायला सांगा. बुड खचत असताना वरच्या दुरुस्तीला पैसे घालू नका. अशा वेळी गवंड्याच्या नजरेवर न थांबता तालुक्याच्या ठिकाणच्या स्थापत्य अभियंत्याला एकदा आणा. त्याची फी एकूण खर्चाच्या मानानं किरकोळ असते, आणि खाली माणसं काम करत असतात.

तिसरं: एकरकमी आकडा फोडून घ्या

"चिमणी दुरुस्ती, मालमजुरीसह, एकूण इतके" या ओळीला मी एस्टिमेट मानत नाही. तिच्यावर वाजवी-अवाजवी असं काही म्हणताच येत नाही. ठेकेदाराला सरळ विचारा, "मिस्त्री, वरनं किती फूट उतरवणार? त्यात विटा किती धरल्यात? दर्जा कितीला केलाय?" (दर्जा म्हणजे विटांमधले जोड नव्या मालानं भरणं.) चांगला माणूस याचा राग धरत नाही. निदान एवढ्या बाबी वेगळ्या लिहून हव्यात: परांची (उंचावर काम करायला बांधलेला तात्पुरता सांगाडा), जुनं बांधकाम उतरवणं, नवं वीटकाम, दर्जा भरणं, आतलं अस्तर, लोखंडी पट्टे, राडारोडा हलवणं. प्रत्येकीपुढे माप, दर आणि रक्कम.

आता हिशेब. समजा चिमणी बाहेरून 4 फूट बाय 4 फूट आहे, भिंत 9 इंची, म्हणजे आतली पोकळी अडीच फूट बाय अडीच फूट. बाहेरचं क्षेत्र 16 चौरस फूट, पोकळीचं सव्वासहा. वजा जाता उरले पावणेदहा. म्हणजे दर फूट उंचीला पावणेदहा घनफूट वीटकाम. वरचे 5 फूट नव्यानं बांधायचे तर सुमारे 49 घनफूट, अर्धा ब्रासच (ब्रास म्हणजे 100 घनफूट).

विटा किती लागतील? तुमच्या भागातली वीट जोडाच्या मालासह इंचात मोजा, तीन मापांचा गुणाकार करा आणि 1728 ला (एका घनफुटातले घन इंच) त्यानं भागा. 9 बाय साडेचार बाय 3 धरलं तर एका घनफुटाला 14 विटा येतात. म्हणजे आपल्या 5 फुटांना साधारण 700, तूटफूट धरून 750. एकास सहाच्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मालासाठी सिमेंट दोन, फार तर अडीच गोण्या. आता एस्टिमेटमध्ये याच कामाला 2000 विटा आणि 12 गोण्या दिसल्या, तर भांडायची गरज नाही. तुमचा कागद पुढे ठेवा आणि फरक समजावून मागा. कदाचित त्यानं 5 नाही, 12 फूट उतरवायचं ठरवलं असेल आणि त्याला कारणही असेल. ते कारण लिहून घ्या.

उतरवलेल्या जुन्या विटांचंही तेव्हाच बोलून घ्या. त्यातल्या चांगल्या पुन्हा वापरायच्या असतील तर नव्या विटांची संख्या तेवढी कमी व्हायला हवी. वापरायच्या नसतील तर त्या कुणाच्या, हे ठरलेलं असू द्या.

दर्जा चौरस फुटांवर असतो. 4 फुटी बाजूच्या चिमणीचा घेर 16 फूट, म्हणून 20 फूट उंचीचा दर्जा 320 चौरस फूट. इथे मापापेक्षा कामाची पद्धत जास्त महत्त्वाची. जुना माल निदान 12 मिलिमीटर खोल खरवडून, जोड धुऊन, ओला करून नवा भरला पाहिजे आणि आठवडाभर पाणी मारलं पाहिजे. वरून नुसता सिमेंटचा हात फिरवणं खूप स्वस्त पडतं आणि एका पावसाळ्यात सुटतं. दोन एस्टिमेटांतला मोठा फरक पुष्कळदा इथेच दडलेला असतो. जुनं बांधकाम चुन्यातलं असेल तर निव्वळ सिमेंटचा कडक माल टाळा. ओल आत कोंडते आणि विटांच्या कडा सुटतात. सिमेंट, चुना, वाळू एकास एकास सहा हे प्रमाण तिथे जास्त मानवतं.

आतलं अस्तर हा महागडा भाग. चुलवाणाजवळच्या खालच्या टप्प्यात फायर ब्रिक (उष्णता सोसणारी वीट) लागते, तिचं प्रमाण माप 230 बाय 115 बाय 75 मिलिमीटर. साडेचार इंची अस्तराला एका चौरस फुटाला साधारण साडेपाच विटा. आपल्या उदाहरणात 6 फूट उंचीपर्यंत अस्तर म्हणजे जवळपास 50 चौरस फूट, तेव्हा 280 च्या आसपास विटा. या विटा फायर क्लेच्या मालात, अगदी पातळ जोडानं बसवायच्या असतात. साधं सिमेंट तिथे चालत नाही. साधारण 400 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची ताकद झपाट्यानं कमी होते. कागदावर "फायर ब्रिक, सिमेंट मालात" असं लिहिलेलं दिसलं तर त्या माणसानं तापणारं काम फारसं केलेलं नाही असं समजा. त्याची केलेली दोन-तीन चुलवाणं बघून आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लोखंड वजनावर तपासा. पट्टीची रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन गुणा, त्याला 0.00785 नं गुणा, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 50 बाय 6 ची पट्टी मीटरला सुमारे 2.36 किलो. 16 फुटांचा एक वेढा म्हणजे साडेअकरा किलोच्या आसपास, चार वेढे 46 किलो. कोपऱ्यांचे अँगल आणि बोल्ट वेगळे.

चौथं: दर पडताळा

विटांचा हजारी भाव भट्टीवर, वाळू किंवा क्रश सँडचा ब्रासचा भाव पुरवठादाराकडे, गवंडी-बिगाऱ्याचा रोज शेजारी चालू असलेल्या बांधकामावर विचारा. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची प्रसिद्ध असते. वीटकाम, दर्जा, गिलावा यांचे दर त्यात मिळतात. ते दर गुऱ्हाळाच्या चिमणीला जसेच्या तसे लावणं मात्र अन्यायाचं होईल. जमिनीलगतच्या भिंतीत एक गवंडी दिवसाला 500 च्या आसपास विटा लावतो. 30 फुटांवर, अरुंद परांचीवर, माल दोरीनं ओढून घेत तो त्याच्या निम्म्यावर येतो. उंचीचे जादा पैसे मागणाऱ्याला लुटारू समजू नका. परांचीच न धरणारा माणूस मला जास्त धोक्याचा वाटतो. एकतर तो नंतर वाढीव बिल काढेल किंवा पोरांना शिडीवर चढवेल. कमरेचा सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि अपघात विमा कुणाकडे, हे आधीच विचारा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त 20 रुपये आहे, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. ज्यांचा तो नसेल त्यांना बँकेत पाठवून काढून घ्यायला लावा.

जीएसटी लावला असेल तर 15 अंकी-अक्षरी क्रमांक बघा. महाराष्ट्रातला क्रमांक 27 नं सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणी नसलेल्या मिस्त्रीला बिलात जीएसटी लावता येत नाही.

पाचवं: तुलना करताना काम एकच ठेवा

दोन-तीन एस्टिमेटं घ्या, पण तिघांना तुमच्या मापांचा एकच कागद द्या. नाहीतर एक जण 5 फुटांचे सांगतो, दुसरा 10 फुटांचे, आणि पहिला स्वस्त वाटतो. मग ओळीला ओळ लावून वाचा. एकाच बाबीत कुणी फार वर असेल तर त्याला तिथेच बोलता येतं, सरसकट "दहा टक्के कमी करा" म्हणावं लागत नाही. सरसकट कापलं की तो दर्जाच्या खोलीतून किंवा अस्तराच्या विटांतून भरून काढतो.

पैसे टप्प्यानं द्या: सामान आल्यावर, वीटकाम झाल्यावर, दर्जा नि पट्टे झाल्यावर. परांची उतरवण्याआधी वरच्या कामाचे फोटो घ्या, कारण नंतर तिथे कुणी जाणार नाही. वाढीव काम निघालं तर माप आणि रक्कम लिहून झाल्यावरच सुरू करू द्या. शेवटचे दहा टक्के चिमणी तापून होईपर्यंत हातात ठेवायचं आधीच ठरवा. माल पुरता वाळल्यावर पहिले काही दिवस बारीक जाळ, मग हळूहळू वाढवत न्या. पूर्ण जाळावर दोन-चार आदणं (काहिलीभर रसाचे घाणे) निघाली, धूर जोडांतून न येता वरूनच जातोय हे ठेकेदारासमक्ष पाहिलं, की उरलेले पैसे त्याच दिवशी द्या.