मुलीच्या पिचिंगचा वेग मोजायचा कसा, वाढवायचा कसा

सॉफ्टबॉलचा सराव संपून मुली बॅगा भरत असतात तेव्हा कुणाचे तरी बाबा हमखास जवळ येतात. "ताई, हिचा स्पीड किती झाला आता?" विचारण्यात काहीच गैर नाही. पण आपल्याकडे मैदानावर या प्रश्नाला जी उत्तरं मिळतात, ती बहुतेक अंदाजपंचे असतात, आणि त्या आकड्यामागे धावताना बारा-तेरा वर्षांच्या पोरीचा खांदा दुखावतो. हे मी पाहिलंय. एकदा ते माझ्याच हातून घडलंय.

मुलीला विंडमिल पिच, म्हणजे हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवून खालून टाकलेला चेंडू, टाकता येतो, अंग गरम झालेलं आहे आणि चेंडू तिच्या वयोगटाचा आहे, हे धरून पुढे जाते.

रडार गन असेल तर

कॅचरच्या मागे, जाळीच्या पलीकडून, चेंडू ज्या रेषेत येतो त्याच रेषेत गन धरा. बाजूला खुर्ची टाकून बसलेल्या काकांच्या हातात ती देऊ नका. गनला फक्त स्वतःच्या दिशेने येणारा वेग कळतो. कोन १० अंशांचा असेल तर आकडा दीड टक्क्याने घटतो, ते चालेल. पण ३० अंशांवरून तोच ८० किलोमीटरचा चेंडू ६९ दिसतो. आझाद मैदानासारख्या जागी वीस पावलांवर दुसऱ्यांची क्रिकेटची मॅच रंगलेली असते. तिथे मधूनच भलता आकडा आला तर तो सरळ खोडून टाका.

हातातलं स्टॉपवॉच

वापरू नका. चेंडू जेमतेम अर्धा सेकंद हवेत असतो. तुमचं बोट एक दशांश सेकंद इकडेतिकडे झालं तर त्याच पिचचा वेग ताशी ६९ येईल किंवा १०३. "मी वर्षानुवर्षं असंच मोजतो" असं सांगणारे प्रशिक्षक मला अजून भेटतात. वर्षानुवर्षं ते स्वतःच्या बोटाचा वेग मोजत आलेत.

फोनने मोजणं

गन महाग आहे, फोन प्रत्येकाकडे आहे. नीट वापरला तर फोन उत्तम काम देतो. स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा, फोन तिपाईवर घट्ट बसवा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवता येईल असं कुठलंही मोफत ॲप घ्या. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर मोजू नका. त्यात पूर्ण पिच सोळा फ्रेममध्ये संपतो, आणि मोजताना एक फ्रेम चुकली तर ताशी पाच किलोमीटरचा फरक पडतो. २४० वर तीच चूक अर्ध्या-पाऊण किलोमीटरची राहते.

फोन खरंच २४० फ्रेम घेतो का, तेही तपासा. काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच बनवून भरतात. संध्याकाळी उजेड उतरला की काही फोन गुपचूप फ्रेम कमी करतात. तपासायला पैसे लागत नाहीत. भिंतीवर दोन मीटरवर खूण करा, चेंडूचा तळ तिथे धरून नुसता सोडा, ढकलू नका, आणि चित्रीकरण करा. सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत ०.६४ सेकंद लागतात, म्हणजे साधारण १५३ फ्रेम. दोन-तीन इकडेतिकडे चालतील. १३० किंवा १८० आल्या तर त्या फोनवर विसंबू नका.

आता अंतर. मी फसले ती इथेच, आणि रोज लोक फसताना पाहते तेही इथेच.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी होती. सडपातळ, लांब हातांची, शिकवलेलं चटकन उचलणारी. मी तिचे पिच फोनवर घेतले, फ्रेम मोजल्या, पिचर्स प्लेटपासून, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकायला निघते त्या पट्टीपासून, समोरच्या ताडपत्रीपर्यंतचं १३ मीटर अंतर सूत्रात घातलं. उत्तर आलं ताशी ८९. तिच्या आईबाबांसमोरच मी ते सांगितलं. महिन्याभराने निवड चाचणीत खरी गन लागली आणि आकडा ८० च्या वर जाईना. पोरीला वाटलं, आपण मंदावलो. पुढचे तीन आठवडे तिने हात गरगरा फिरवून जोर लावला. मला वाटलं, मेहनत करतेय. मग एका रात्री तिच्या आईचा फोन आला: "ताई, लोकलमध्ये हँडल धरायला हिचा हात वर जात नाहीये." दोन महिने तिने चेंडू हातात धरला नाही. ती मंदावलीच नव्हती. आधीचा आकडा माझा चुकला होता.

चूक अशी. पिचर प्लेटवरून निघते, लांब पाऊल टाकते, आणि चेंडू हातातून सुटतो तो प्लेटच्या पुष्कळ पुढे. म्हणजे १३ मीटर अंतर चेंडूने कापलेलंच नसतं. तिचा चेंडू प्लेटच्या १.८० मीटर पुढे सुटत होता, तेव्हा खरं अंतर ११.२० मीटर. फ्रेम होत्या १२६. हिशोब असा करायचा: अंतराला २४० ने गुणा, फ्रेमच्या संख्येने भागा, आलेल्या उत्तराला ३.६ ने गुणा. ११.२० धरलं तर ताशी ७६.८ किलोमीटर. १३ धरलं तर ८९. ताशी बारा किलोमीटर मी माझ्या मनाने वाढवले होते. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचर्स प्लेट आणि बॅटरजवळची होम प्लेट यांच्यामधलं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असतं, म्हणून तोच आकडा सूत्रात घाला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो आकडा मैदान आखण्यासाठी आहे.

सुटण्याची जागा नेमकी शोधायची तर प्लेटच्या पुढे एक मीटरपासून अडीच मीटरपर्यंत दर दहा सेंटीमीटरला फक्कीच्या आडव्या रेघा मारा. या रेघा चेंडूच्या वाटेखालीच हव्यात, म्हणजे उजव्या हाताच्या मुलीसाठी मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे. कडेला शंकू ठेवून भागत नाही, कारण कॅमेरा तिरपा बघतो आणि सुटण्याची जागा वीस-तीस सेंटीमीटर सरकते. दुसरा फोन रेघांच्या बरोबर समोर, तिच्या कमरेच्या उंचीवर, अगदी सपाट ठेवा. मुलगी उजव्या हाताची असेल तर तो थर्ड बेसच्या, म्हणजे तिच्या उजव्या, बाजूला हवा. फर्स्ट बेसच्या बाजूने तिचं अंगच चेंडू झाकतं.

मग फ्रेम सरकवत जा. चेंडू कमरेजवळ येतो, बोटं अजून चिकटलेली दिसतात, आणखी एक फ्रेम, अजून चिकटलेली, आणि मग बोटांची टोकं आणि शिवण यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट दिसते. तीच सुटण्याची फ्रेम. चेंडूपासून सरळ खाली या, कुठली रेघ लागते ते वाचा. प्रत्येक मुलीचं हे अंतर वेगळं असतं. उंची वाढली, पाऊल लांबलं की ते बदलतं. मागच्या वर्षीचं अंतर यंदा वापरू नका.

दुसऱ्या टोकाला कॅचर बसवू नका. कॅचर कधी हात पुढे करून चेंडू घेते, कधी अंगाशी. तीस सेंटीमीटरचा फरक पडला की वेगात ताशी दोन किलोमीटरची चूक होते. पावसाळ्यात दुकानदार शटरवर टाकतात ती निळी ताडपत्री दोन बांबूंना ताणून बांधा. चेंडू लागताच तिच्यावर खळगा पडतो आणि तो फ्रेममध्ये स्वच्छ दिसतो. फ्रेम मोजायचा पहिला फोन मात्र मागे न्या, सुटणारा हात आणि ताडपत्री दोन्ही चौकटीत येतील इतका.

दहा पिच घ्या. सगळ्यांत मोठा आकडा घरी नेऊ नका. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि पाचव्या-सहाव्याची सरासरी वहीत लिहा. रडारच्या आकड्याशी याची तुलना करू नका. गन बहुधा चेंडू सुटतानाचा वेग पकडते, फोन पूर्ण वाटेची सरासरी देतो, आणि हवेमुळे चेंडू वाटेत मंदावतो. तेव्हा फोनचा आकडा कमीच येणार. महिन्यातून एकदा मोजा. दर पिचनंतर आकडा ओरडून सांगितलात तर मुलगी तंत्र सोडून आकड्याच्या मागे लागते.

वेग वाढवणं

सुरुवात पायांपासून. प्लेटवरून ढकलून निघायचं आणि पुढचा पाय टेकला की तो टणक ठेवायचा, गुडघा पुढे वाहू द्यायचा नाही. हे मी मुलींना लोकलवरून समजावते. गाडी ब्रेक मारते तेव्हा पाय जागच्या जागी राहतात आणि वरचं अंग पुढे फेकलं जातं. पुढच्या पायाने तसाच ब्रेक मारायचा, म्हणजे हात आपसूक झपकन पुढे येतो.

त्यानंतर कोपर. बारा वाजण्याच्या जागेवरून हात खाली येताना कोपर किंचित वाकलेलं आणि पुढे हवं, मनगट त्याच्या मागून यायला हवं. सुटण्याच्या क्षणी कोपराखालचा हात कमरेच्या बाजूला घासून जातो. ते घासणं म्हणजे चाबकाची गाठ: कोपर अडखळतं आणि पुढचा भाग सटकन निघून जातो. जमतंय का हे बघायला मला व्हिडिओ लागत नाही. सराव संपल्यावर मुलीच्या ट्रॅकपँटच्या उजव्या बाजूला, खिशाच्या जरा वर, लाल मातीचा पट्टा उमटलेला असतो. पट्टा नसेल तर ती हात अंगापासून लांबून फिरवतेय आणि सगळा भार खांद्यावर घेतेय.

भिंतीपाशी उभं राहून नुसतं मनगट मारण्याचे शंभर-शंभर झटके मुलींकडून करवून घेतात, ते बंद करा. पिच संपताना तळहात वर करून कोपर आभाळाकडे न्यायची शिकवणही सोडा. जोरात टाकणाऱ्या कुठल्याही पिचरचा स्लो मोशन बघा. चेंडू सुटताना कोपराखालचा हात आतल्या बाजूला वळत असतो. मनगटाचा झटका हा त्या चाबकाचा परिणाम आहे, वेग तिथून येत नाही. जड चेंडू आणि डंबेल धरून हात फिरवणंही या वयात नको.

आठवड्यातून दोन दिवस वेगाचे. स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू जिथून जायला हवा ती चौकट, विसरायचा, ताडपत्रीवर पूर्ण ताकदीने पंचवीस पिच, मध्ये पुरेशी विश्रांती. चेंडू वर जाऊ दे, आडवा जाऊ दे, कुणीही रागवायचं नाही. ज्या दिवशी नेम धरायचा, त्या दिवशी वेग विसरायचा. माझ्याकडे सगळे मिळून साठाच्या वर पिच एका दिवशी होत नाहीत.

यावर पालक म्हणतात, "अंडरआर्म तर आहे, त्याने काय होतंय?" होतं. विंडमिलमध्ये खांद्याच्या पुढच्या भागावर आणि बायसेपचा स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेवर मोठा ताण येतो. खांद्यात पुढच्या बाजूला दुखतंय असं मुलगी म्हणाली तर त्या दिवशीचा चेंडू बॅगेत गेला पाहिजे. मग जपानची पिचर युकिको उएनो हिचं उदाहरण देतात, तिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ पिच टाकले. अमेरिकेची पिचर मोनिका ॲबट हिचंही देतात, २०१२ मध्ये तिने ताशी ७७ मैल, म्हणजे जवळजवळ १२४ किलोमीटरचा विक्रम केला. दोघीही तेव्हा २६ वर्षांच्या होत्या. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे.

वहीत वेगाच्या शेजारी उंचीचाही रकाना ठेवा. मुलगी दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढली की तिचा वेग अनेकदा थांबतो, कधी उतरतोही. हातापायांचं नवं माप अंगवळणी पडायला वेळ लागतो. अशा वेळी रकाने शेजारी-शेजारी दिसले तर घरात उगाच बोलणी बसत नाहीत. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो, पाय सरकतो, भिजलेला चेंडू जड होतो. ते चार महिने मोजणी नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टाइल्सवर तर पिच टाकूच देऊ नका. वहीतली ती पानं कोरी सोडा आणि ऑक्टोबरमध्ये माती वाळली की फक्कीच्या रेघा पुन्हा मारून, सुटण्याची जागा नव्याने मोजून सुरू करा.