वाचनाची वही कशी ठेवावी

वर्षाच्या आरंभी पुस्तकांची लांबलचक यादी करणे सोपे असते. ती यादी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कितपत पुढे सरकली हे पाहणे मात्र जड जाते. काही वर्षांपूर्वी मी आठवड्याला एक या हिशेबाने ५२ पुस्तकांची नावे लिहून काढली होती आणि मे महिना उजाडला तेव्हा त्यांतली सहाच वाचून झाली होती. पुस्तके चांगली होती, परंतु ती मला कोणी सांगितली, का वाचावीशी वाटली आणि कोणत्या महिन्यात माझ्या हाताशी किती वेळ असणार आहे, यांपैकी एकही गोष्ट त्या यादीत नव्हती. त्यानंतर मी यादी सोडून वही धरली. जळगाव, अमळनेर, भुसावळ आणि दोंडाईचा येथील आम्ही सहा वाचनसोबती महिन्यातून एका रविवारी बसतो. त्या बैठकांतून या वहीला जे रूप आले, ते येथे सांगतो.

साधी दोनशे पानी वही घ्यावी. डाव्या पानावर पुस्तकाचे नाव, सांगणाऱ्याचे नाव आणि त्याने दिलेले कारण त्याच्याच शब्दांत लिहावे. उजवे पान पुस्तक वाचून होईपर्यंत कोरे ठेवावे. कारण मिळवण्यासाठी प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘पुस्तक कसे आहे?’ असे विचारले की ‘छान आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘त्यातले कोणते पान पुन्हा उघडून वाचलेत?’ असे विचारावे. ज्याला असे पान सांगता येत नाही, त्याने सुचवलेले पुस्तक मी वहीत घेतो खरा, पण शेवटच्या पानांवर.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे : ‘बालकवी. सांगणारे : भुसावळचे काका, रेल्वेतून निवृत्त. कारण : नोकरीभर भादलीवरून गेलो, कवी तिथे गेला हे फार उशिरा कळले.’ त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० साली धरणगावचा, आणि ५ मे १९१८ रोजी जळगाव व भुसावळ यांच्या मधल्या भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. माझ्या लेखी बालकवी शाळेच्या पाठ्यपुस्तकात राहून गेलेले कवी होते. काकांचे ते एक वाक्य नसते, तर मी त्यांचा संग्रह ग्रंथालयाच्या कपाटातून कधीच काढला नसता. शिफारशीत पुस्तकाची थोरवी नसली तरी चालते. सांगणाऱ्याचे स्वतःचे काहीतरी त्यात असावे लागते.

नोंदी झाल्या की वेग मोजावा. प्रत्येक पुस्तकाची पहिली वीस पाने घड्याळ लावून वाचावीत आणि लागलेली मिनिटे डाव्या पानाच्या कोपऱ्यात लिहावीत. सरळ चालणारी कादंबरी मी तासाला तीस पानांच्या आसपास वाचतो, तर वैचारिक ग्रंथाची तेवढ्याच वेळात दहा पानेही होत नाहीत. हा आकडा हाताशी असला की ‘हे पुस्तक कधी होईल’ याचे उत्तर भागाकाराने मिळते, आणि मनाला उगीच खंत लागत नाही.

त्यानंतर पुस्तके महिन्यांवर बसवावीत, आणि येथे दिनदर्शिकेपेक्षा आपल्याकडचा हंगाम अधिक उपयोगी पडतो. पेरणीच्या दिवसांत आणि दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी भरात असते तेव्हा शेतीवाल्या घरांत सलग तासभर मिळत नाही. तेव्हा कविता, कथा, लहान लेख ठेवावेत. दिवाळी अंक तर याच काळासाठी असल्यासारखे आहेत. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा ग्रंथालयांनी जपली आहे, बहुतेक ठिकाणी थोडी वेगळी वर्गणी भरली की मार्चपर्यंत अंक आळीपाळीने घरी नेता येतात. अंक घरी आल्यावर पहिल्या पानापासून वाचू नये. अनुक्रमणिकेवर खुणा करून चार लेख निवडावेत, वाचावेत आणि अंक परत करावा. बाकीचे अंक वाट पाहत असतात.

मोठ्या पुस्तकांसाठी मात्र एप्रिल-मे सोडून दुसरा काळ नाही. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात आणि चारपाच तास घराबाहेर पाऊल टाकवत नाही. ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही २०१० साली आलेली भालचंद्र नेमाडे यांची कादंबरी सहाशे पानांच्या घरात जाते. रोज वीस पाने धरली तर तीस दुपारी लागतात, आणि त्या तीस दुपारी आपल्याला खानदेशाचा उन्हाळाच देतो. अमळनेरच्या सोबत्याने ती सुचवताना एक युक्ती सांगितली होती : वहीच्या मागच्या पानावर नातेवाइकांची नावे येतील तशी लिहीत जावे आणि रेघांनी जोडावे. पंधराव्या दिवशी त्या पानाचे झाड झाले होते, आणि कोण कोणाचा कोण म्हणून मागे जाऊन शोधण्याची वेळ मला एकदाही आली नाही. नेमाडे यांच्याकडे प्रथमच वळणाऱ्याने मात्र १९६३ सालच्या ‘कोसला’पासून आरंभ करावा. नेमाडे यावल तालुक्यातील सांगवीचे, आणि कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर गावातून पुण्याला शिकायला जाऊन रित्या हातांनी परततो. भाषेचा सांधा जुळेपर्यंत पन्नासेक पाने धीर धरावा. धाकटी बहीण मनी जाते तो भाग आला की त्या दिवसाचे वाचन तेथेच थांबवावे; माझ्या वहीत त्या पुस्तकाच्या उजव्या पानावर तारीख आणि ‘दोन दिवस उघडले नाही’ एवढेच आहे.

सोबत्यांकडून मिळालेल्या गोष्टींत मला सर्वांत मोलाची वाटते ती बहिणाबाई चौधरी यांच्याविषयीची सूचना. असोद्याकडचे माहेर असलेल्या आमच्या एका ताईंनी बजावले होते की बहिणाबाई मनातल्या मनात वाचायच्या नाहीत. ज्यांनी जात्यावर दळले आहे अशा बाईंजवळ बसून मोठ्याने वाचायच्या. मी माझ्या आईजवळ बसलो. ‘घरोट’ हा जात्यासाठीचा शब्द मी अडखळत वाचला तेव्हा आईने न बोलता हात फिरवून जाते ओढण्याची खूण केली, आणि पुढच्या ओळीची लय तिच्या हाताच्या फेऱ्यावर आपोआप बसली. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंच्या ओव्या त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आल्या नाहीत. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. मुळात कानांसाठी असलेली ही रचना कानांनीच घ्यावी. घरात वडीलधारे माणूस असेल तर हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.

मुलांसह वाचायचे असेल तर ‘श्यामची आई’ घ्यावे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. पुस्तकाची विभागणीच रात्रींत आहे आणि अशा ४२ रात्री आहेत. रोज जेवणानंतर एक रात्र वाचली की सहा आठवड्यांत पुस्तक पूर्ण होते, वेगळी आखणी करावी लागत नाही. विकत घेताना मात्र अनुक्रमणिका मोजून पाहावी. गुरुजी १९५० साली गेले, आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून २०११ पासून ते पुस्तक कोणालाही छापता येते आणि बाजारात संक्षिप्त आवृत्त्याही आहेत. एका प्रदर्शनातून मी घाईने घेतलेल्या प्रतीत बऱ्याच रात्री गळलेल्या निघाल्या, आणि मुखपृष्ठावर तसा उल्लेखही नव्हता.

इतिहासाची आवड असलेल्यांनी धुळ्याच्या सोबत्याचे ऐकावे, असे मी सांगेन. तो आमच्यात उशिरा आला. वि. का. राजवाडे यांची ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ २२ खंडांची आहेत, त्यामुळे नाव काढताच माणूस बिचकतो. त्याचे म्हणणे असे की खंडांतील पत्रे अभ्यासकांसाठी राहू द्यावीत आणि आपण प्रस्तावना वाचाव्यात, तीही १८९८ सालच्या पहिल्या खंडापासून. राजवाडे यांचा मृत्यू १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच झाला आणि त्यांच्या संग्रहासाठी उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ त्याच शहरात आहे. प्रस्तावना वाचून झाल्यावर तेथे एक दिवस काढावा.

पुस्तके मिळवण्यासाठी प्रथम ग्रंथालय, मग खरेदी, हा क्रम ठेवावा. जळगावचे व. वा. वाचनालय आणि धुळ्याचे गरुड वाचनालय जुनी आहेत. लहान गावांतही शासनमान्य ग्रंथालय बहुधा असते. सभासद होताना भरलेली अनामत परत मिळते, तिची पावती वहीलाच चिकटवावी. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, ती भ्रमणध्वनीत उतरवून प्रवासासाठी ठेवावीत. सोबत्याकडून पुस्तक आणले असेल तर परतीची तारीख डाव्या पानावर लाल शाईने लिहावी, कारण न परतलेल्या एका पुस्तकाने बैठकीतले एक माणूस तुटलेले मी पाहिले आहे.

पुस्तक संपल्यावर उजवे पान त्याच आठवड्यात भरावे. सारांश लिहू नये. पुन्हा वाचलेल्या पानाचा क्रमांक, एखादी ओळ आणि हे पुस्तक आता कोणाला सांगायचे त्या माणसाचे नाव, एवढे पुरे. पोषात भरताची वांगी आली की आमची वर्षाची शेवटची बैठक कोणाच्या तरी मळ्यात होते. तुरखाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांवर, वांगी भाजून होईपर्यंत प्रत्येक जण आपली कोरी राहिलेली उजवी पाने वाचून दाखवतो. दोन वर्षे कोरे राहिलेले पुस्तक तेथेच दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत जाते. राजवाडे यांच्या प्रस्तावना माझ्या वहीत तशाच आल्या होत्या.