लिहायला बसण्याआधी फोन आवरताना

फोन आवरायचा म्हणजे सगळी अ‍ॅप काढून टाकायची, असा समज करून घेतला की काम पहिल्याच दिवशी अडते. म्हणून सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपपासून करावी, कारण आपल्याकडे खरा पसारा तिथेच साचतो. सेटिंग्जमधील ‘मॅनेज स्टोरेज’ उघडल्यास ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेला मजकूर वेगवेगळा दिसतो. माझ्या फोनमध्ये आरतीचा एकच व्हिडिओ चार ग्रुपमधून चार वेळा आला होता आणि त्या गर्दीत आईच्या हस्ताक्षरातील गोड्या मसाल्याच्या प्रमाणाचा फोटो दबून गेला होता. त्यामुळे सरसकट पुसू नये. जपायचे ते आधी दुसरीकडे हलवावे. अँड्रॉइड फोनवर ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली की नवी चित्रे गॅलरीत दिसत नाहीत.

जागा मोकळी होणे दुय्यम आहे. मोकळे व्हायला हवे ते लक्ष. सोसायटीचा किंवा नातेवाइकांचा ग्रुप सोडणे जड जाते, परंतु तो कायमचा म्यूट करून अर्काइव्हमध्ये ठेवता येतो आणि त्याची वर्दी कोणालाही जात नाही. नोटिफिकेशन केवळ फोन कॉलची आणि घरच्या दोन-तीन माणसांचीच चालू ठेवावीत.

ईमेलचे काम सावकाश केले तरी चालते. गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून वापरली जाते, तेव्हा आधी मोठ्या अटॅचमेंट काढाव्यात.

रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा आणि उशाशी वही ठेवावी.